दोन नंबरचा खंड

आठ पुस्तकं जुन्या धोतराच्या घडीवर ओळीने मांडली होती. बाइंडरकाका एकेक उचलत, आधी नाकाशी नेत, मग हातावर तोलत. "आ चालशे." दुसरं उचललं. "आ पण." तिसरं नाकापर्यंत जेमतेम पोचलं आणि लगेच खाली आलं. "आ नहीं चाले, बेन." मी वहीत हो, हो, नाही असं लिहीत गेले. पाचेक मिनिटांत आठही उरकली. काकांनी चहा घेतला, आता पुढच्या शुक्रवारी येतो म्हणाले आणि गेले.

ही गोष्ट २०२४च्या सप्टेंबरमधली. ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्रीचं पाणी वडोदऱ्यात शिरलं, तेव्हा आमच्या मराठी मंडळाच्या वाचनालयाच्या खालच्या दोन फळ्या बुडाल्या. मासिकांचे बांधीव खंड, जुनी नाटकं, कोणीतरी आजोबांच्या नावे देणगी दिलेले संच, असा तीनशेच्या वर माल ओला झाला. याच शहरात सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून गावोगावी वाचनालयं उभी केली, हे आम्ही दर वर्धापनदिनी भाषणात सांगतो. भाषणातल्या त्या वाचनालयांचं हे एक शेंडेफळ आता पंख्याखाली वाळत पडलं होतं.

अडचण सरळ होती. काका आठवड्यातून एकदाच येणार. ओल्या कागदाला दोन-तीन दिवसांतच बुरशी धरायला लागते, म्हणजे आम्ही आधीच उशिरात होतो. कॉलेजची पोरं मदतीला आली होती. त्यांनी प्रत्येक खंडाला चिठ्ठी बांधून तीनच गोष्टी लिहायच्या ठरल्या: कागद लवचिक की ठिसूळ, ओल कडेलाच आहे की आतपर्यंत गेलीय, आणि बुरशी आहे की नाही. काकांनी आठ पुस्तकांवर दिलेला निकाल या तीन उत्तरांशी जोडता आला, तर उरलेल्या तीनशेंची निदान प्राथमिक वाटणी आम्हालाच करता येईल. मी एमएस्सीच्या वर्गाला रफ सेट, म्हणजे तोकड्या माहितीवरून वस्तूंची वाटणी करण्याचं गणित, शिकवते. आमचे ग्रंथपाल नाना (वय विचारायचं नाही) म्हणाले, "मग तुमचं गणित एकदा तरी उपयोगी पडू द्या." त्यातला 'एकदा तरी' मला लागला. पुढचं सगळं त्यातून झालं.

वहीतला तक्ता असा होता. 'हो' म्हणजे काकांच्या मते दुरुस्तीजोगं.

१. लवचिक, कडेला, बुरशी नाही. हो.
२. लवचिक, कडेला, बुरशी ? हो.
३. लवचिक, कडेला, बुरशी आहे. नाही.
४. लवचिक, आतपर्यंत, बुरशी नाही. हो.
५. ठिसूळ, आतपर्यंत, बुरशी आहे. नाही.
६. ठिसूळ, ओल ?, बुरशी आहे. नाही.
७. कागद ?, कडेला, बुरशी नाही. हो.
८. ठिसूळ, कडेला, बुरशी नाही. हो.

तीन ठिकाणी प्रश्नचिन्ह आहे. त्यांची कारणं वेगवेगळी आहेत, पण ते मला नंतर सुचलं. ६ आणि ७ यांच्या चिठ्ठ्यांवर जेल पेनने लिहिलं होतं आणि शाई पसरली. २ची पानं एकमेकांना चिकटली होती, म्हणून पोरांनी ती उघडलीच नाहीत.

पोलंडच्या झ्जिस्लाव पावलाक यांनी १९८२मध्ये मांडलेली रफ सेटची मूळ कल्पना अगदी घरगुती आहे. ज्यांचं वर्णन तंतोतंत सारखं, त्या वस्तू आपल्याला वेगळ्या ओळखता येत नाहीत, म्हणून त्यांचा एक गठ्ठा. सगळी पुस्तकं अशा गठ्ठ्यांत वाटली जातात आणि एकही दोन गठ्ठ्यांत नसतं. आता 'हो' म्हटलेल्यांचा संच घ्या. जो गठ्ठा पूर्णपणे या संचात बसतो, तो खालच्या अंदाजात जातो: ही नक्की हो. ज्या गठ्ठ्यातलं एखादं तरी 'हो' आहे, तो वरच्या अंदाजात: ही कदाचित हो. दोहोंमधला फरक म्हणजे सीमाभाग, जिथे आपल्याजवळची माहिती तोकडी पडते. खालच्यातली संख्या भागिले वरच्यातली संख्या म्हणजे अचूकता. शिकवायला सोपं, परीक्षेत हमखास येणारं.

मी ते तसंच्या तसं लावलं. प्रश्नचिन्हालाही एक उत्तर मानलं, कारण प्रोग्रामला काहीतरी द्यावं लागतं. आठ पुस्तकांचे आठ गठ्ठे झाले, प्रत्येकात एकच पुस्तक. खालचा अंदाज १, २, ४, ७, ८. वरचाही तोच. सीमाभाग रिकामा, अचूकता १. नानांना मी फोन करून सांगितलं, शंभर टक्के.

रात्री जेवताना लक्षात आलं की हे उत्तर म्हणजे वहीचीच नक्कल आहे. आठ पुस्तकं आठही वेगळी, म्हणजे कोणाचाच कोणाशी संबंध नाही. मग एकावरून दुसऱ्याबद्दल शिकायचं काय? आणि 'बुरशी माहीत नाही' ही बुरशीची तिसरी जात असल्यासारखं मी वागत होते. उद्या चिठ्ठीवरची शाई पुसली गेली म्हणून पुस्तकाचं स्वरूप बदलत नाही.

इथे पावलाकची चौकट सैल करावी लागते, आणि ती कशी करायची यावर गेली तीन-साडेतीन दशकं भरपूर लिहिलं गेलंय. गठ्ठ्यांचा आग्रह सोडायचा आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा त्याचा शेजार द्यायचा. टी. वाय. लिन यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस शेजारांच्या भाषेत हे मांडलं. वाय. वाय. याओ यांच्या १९९८च्या लेखात शेजार, दोन वस्तूंमधला संबंध आणि अंदाज यांची सांगड स्वच्छ घातलेली सापडते. कोणताही संबंध घ्या आणि तो बाणांनी दाखवा. क्षपासून ज्या ज्या वस्तूकडे बाण जातो, त्या सगळ्या मिळून क्षचा शेजार. शेजार पूर्णपणे 'हो' संचात असेल तर क्ष खालच्या अंदाजात. शेजारातलं एखादं जरी 'हो' असेल तर क्ष वरच्या अंदाजात. व्याख्या दोन ओळींची. मात्र शेजार आता गठ्ठ्यांसारखे एकमेकांपासून वेगळे राहत नाहीत, वाड्यातल्या बिऱ्हाडांसारखे एकमेकांत घुसतात. माझा शेजारी तो तुमचाही शेजारी असू शकतो आणि तरी आपण दोघं एकमेकांचे नसू.

अपुऱ्या माहितीसाठी मार्झेना क्रिश्किएविच यांनी १९९८मध्ये वापरलेला संबंध मी आधी घेतला. दोन पुस्तकं सारखी कधी मानायची? जिथे दोन्हींची उत्तरं माहीत आहेत तिथे ती जुळली पाहिजेत. जिथे एकाचं प्रश्नचिन्ह आहे तिथे चालवून घ्यायचं. या चालवून घेण्यामुळेच त्याला सहनशील संबंध म्हणतात. १चा शेजार १, २, ७. २चा शेजार १, २, ३, ७. ३चा शेजार २, ३. पाहा: १ आणि २ सारखी, २ आणि ३ सारखी, पण १ला बुरशी नाही आणि ३ला आहे, म्हणून ती सारखी नाहीत. संक्रमण मोडलं, आणि त्याबरोबर गठ्ठेही.

बाकीचे शेजार असे: ४चा फक्त ४, ५चा आणि ६चा दोघांचाही ५, ६, ७चा १, २, ७, ८, ८चा ७, ८. खालच्या अंदाजात १, ४, ७, ८ आली. वरच्यात १, २, ३, ४, ७, ८. सीमाभागात २ आणि ३. अचूकता ४/६, म्हणजे ०.६७.

शंभरावरून सदुसष्टावर आल्याचं नानांना सांगायला मला जड गेलं. त्याहून जड गेलं ते ३ नंबरचं प्रकरण. ३ची तिन्ही उत्तरं चोख माहीत आहेत, बुरशी डोळ्यांना दिसतेय, काकांनी 'नाही' म्हटलंय. तरी ते शंकेच्या यादीत, का? तर २ची बुरशी कोणी पाहिली नाही आणि काकांनी २ला 'हो' म्हटलं म्हणून. शेजाऱ्याने दार लावून घेतलं म्हणून माझ्या घराची झडती घ्यावी, तसा प्रकार. मला हे अन्यायाचं वाटलं. (हे वाक्य लक्षात ठेवा. शेवटी मला ते गिळावं लागलं.)

७ची गोष्ट मात्र गमतीची होती. त्याचा कागद कळत नव्हता, पण लवचिक कागदाचं १ही 'हो' होतं आणि ठिसूळ कागदाचं ८ही 'हो'. कागद कोणताही निघो, निकाल तोच. प्रश्नचिन्ह आहे म्हणजे शंका आहेच, असं नसतं.

झिआर्को यांची १९९३ची एक सवलतही आहे. शेजार शंभर टक्के आत नसला, ठरवलेल्या मर्यादेइतकी चूक असली तरी चालवून घ्यायचं. २च्या शेजारात चारपैकी तीन 'हो' आहेत, पंचवीस टक्के चूक चालते म्हटलं की २ नक्कीच्या यादीत. पण बुरशीला टक्केवारी कळत नाही. एक बुरसलेला खंड शेजारच्या चारांना लागतो. ही सवलत मी घेतली नाही, आणि एवढाच एक निर्णय त्या आठवड्यात माझा पहिल्या फटक्यात बरोबर आला.

३ला न्याय द्यायचा तर सममिती सोडायला हवी होती. सारखेपणा हा नेहमी दोन्हीकडून सारखा नसतो, हे आपण बोलताना सहज मान्य करतो. मुलगी आईसारखी दिसते म्हणतो, आई मुलीसारखी दिसते म्हणत नाही. स्लोविन्स्की आणि व्हँडरपूटेन यांनी २०००च्या लेखात नेमकं हेच उचललं आणि संबंधाला फक्त परावर्तनाची, म्हणजे प्रत्येक वस्तू स्वतःसारखी असते एवढीच, अट ठेवली. अपुऱ्या माहितीत त्याचं रूप असं होतं: क्षबद्दल जे जे माहीत आहे ते सगळं यमध्ये तसंच आढळत असेल, तर क्षकडून यकडे बाण काढा. म्हणजे बाण कमी माहितीकडून जास्त माहितीकडे जातो. २बद्दल 'लवचिक, कडेला' एवढंच माहीत आहे, ते १मध्येही आहे आणि ३मध्येही. म्हणून २कडून दोघांकडे बाण. पण ३कडून २कडे नाही, कारण ३ची बुरशी २मध्ये नोंदलेली नाही.

बाण जिकडे जातात तो उजवा शेजार. १चा १, २चा १, २, ३, ३चा ३, ४चा ४, ५चा ५, ६चा ५, ६, ७चा १, ७, ८, ८चा ८. खालच्या अंदाजात १, ४, ७, ८. वरच्यात १, २, ४, ७, ८. सीमाभागात एकटं २. अचूकता ४/५, म्हणजे ०.८०. ३ची सुटका झाली. ज्याची माहिती अपुरी तेच शंकेत, हे मला पटलं.

कागदावर हे असं. प्रोग्राममध्ये मात्र मी घोळ घातला.

आठ बाय आठचा चौकोन होता. ओळ म्हणजे बाण कोणाकडून, स्तंभ म्हणजे कोणाकडे. शेजार काढताना मी ओळीऐवजी स्तंभ वाचला. सहनशील संबंधात ही चूक दिसलीच नव्हती, कारण सममित चौकोन आडवा वाचा की उभा, उत्तर तेच येतं. आता ते तसं नव्हतं. मला मिळाला डावा शेजार, म्हणजे ज्यांच्याकडून बाण येतात ते. १चा १, २, ७. २चा फक्त २. ३चा २, ३. ५चा ५, ६. ८चा ७, ८. बाकीचे एकटे. खालच्या अंदाजात १, २, ४, ७, ८. वरच्यात ३सुद्धा. सीमाभागात एकटं ३. अचूकता ५/६, म्हणजे ०.८३.

०.८३ हे ०.८०पेक्षा जास्त आहे. कागदावर ०.८० आलेलं मला आठवत होतं. तरी मी समजूत काढली की हाताने करताना कुठेतरी चुकलं असेल आणि यंत्राने सुधारलं. माझ्यासारख्या बाईने, जी वर्गात पोरांना 'उत्तर आधी नीट बघा' असं बजावते, तिने एवढंही पाहिलं नाही की निकाल आता काय म्हणतोय: ज्यांची बुरशी डोळ्यांना दिसतेय ती पुस्तकं शंकेची, आणि जी कोणी उघडलीच नाहीत ती खात्रीची.

रविवारी पोरांनी त्या यादीबरहुकूम तीनशे खंडांची वाटणी केली. 'लवचिक, कडेला, बुरशी ?' या वर्णनाचे अकरा खंड निघाले. माझ्या नियमाप्रमाणे ते नक्की 'हो'. ते कोरड्या, स्वच्छ खंडांबरोबर एकाच पोत्यात घालून काकांकडे पाठवले. गुरुवारी काकांचा फोन आला. ते गुजरातीत बोलत होते आणि त्यांचा आवाज नेहमीपेक्षा वर गेला होता. पोतं उघडल्यावर वास आला, पाच-सहा खंडांच्या पाठीत बुरशी होती आणि ती शेजारच्या चांगल्या खंडांच्या कापडी पुठ्ठ्यावर उतरायला लागली होती. "जोया वगर मोकल्युं?" न पाहता पाठवलंत? मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

चूक सापडायला दहा मिनिटं लागली. ओळ आणि स्तंभ, एवढंच. पण त्यानिमित्ताने आणखी एका गोष्टीकडे लक्ष गेलं आणि तिथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण या विषयावरचे लेख वाचणाऱ्यांना ती कामाची आहे.

एकदा कोणताही संबंध चालतो म्हटल्यावर शेजार बनवायच्या तऱ्हा वाढतात. उजवा, डावा, दोहोंचा छेद (जे दोन्हींत आहेत तेवढेच), दोहोंचा संयोग (जे कोणत्याही एकात आहेत ते सगळे). शिवाय क्षला सामावून घेणाऱ्या सगळ्या शेजारांचा छेद घेऊन केलेला किमान शेजार, त्याचेही पुन्हा उजवे, डावे, छेद, संयोग. अब्द एल-मोन्सेफ, एम्बाबी आणि एल-बाब्ली यांच्या २०१४च्या लेखात अशा आठ तऱ्हा एका चौकटीत मांडल्या आहेत. त्यानंतर अशा लेखांचं पीक आलं. त्यांतल्या बऱ्याच लेखांचा साचा ठरलेला असतो: नवा शेजार, त्याचे गुणधर्म, मग एक छोटा तक्ता आणि शेवटी 'आमची अचूकता आधीच्यापेक्षा जास्त'. छेदाचा शेजार लहान असतो. लहान शेजार संचात सहज मावतो, म्हणून खालचा अंदाज फुगतो. लहान शेजार बाहेर कमी डोकावतो, म्हणून वरचा आकसतो. अचूकता वाढणारच, ते तर व्याख्येतच आहे.

आमच्या आठ पुस्तकांवर मी छेद घेऊन पाहिला. १चा उजवा शेजार १ आणि डावा १, २, ७. छेद फक्त १. २चा उजवा १, २, ३ आणि डावा २. छेद फक्त २. असं करत आठही पुस्तकं एकटी पडली. अचूकता १. म्हणजे फिरून फिरून पहिल्या रात्रीच्या त्या शंभर टक्क्यांवर, वहीच्या नकलेवर. संयोग घेतला तर खालच्यात १, ४, ७, ८ आणि वरच्यात १, २, ३, ४, ७, ८, पुन्हा ०.६७. चार शेजार, चार वेगळ्या कहाण्या, आणि सर्वांत चांगला आकडा सर्वांत पोकळ कहाणीला. एखाद्या लेखात अचूकतेची तुलना दिसली की आता मी आधी पाहते, लेखकाने संबंध कुठून आणला आणि बाणाची दिशा का निवडली हे सांगितलंय का. बहुधा 'समजा एक संबंध असा आहे' एवढंच असतं.

नानांना हे सांगितल्यावर त्यांनी आपला संबंध सुचवला. "सारखेपणाचं कसलं घेऊन बसलात? खोक्यात कोण कोणाच्या खाली होतं ते बघा. पाणी वरून खाली झिरपतं." सूचना वेडगळ नव्हती. प्रत्येक पुस्तकाकडून त्याच्या लगेच वरच्या पुस्तकाकडे बाण काढायचा. मी त्यांच्यासमोरच मांडून दाखवलं. ३ हे १च्या खाली होतं, म्हणजे ३चा शेजार फक्त १. १ 'हो', म्हणून शेजार अख्खा 'हो' संचात, म्हणून ३ नक्की 'हो'. काकांनी मात्र 'नाही' म्हटलंय. संबंधात परावर्तन नसलं की ३च्या निकालात खुद्द ३चाच आवाज उरत नाही. परावर्तन असतं तेव्हाच खालचा अंदाज संचाच्या आत आणि संच वरच्या अंदाजाच्या आत राहण्याची हमी मिळते.

सगळ्यात वर ५ होतं. त्याच्या वर काही नाही, म्हणजे शेजार रिकामा. रिकामा संच कोणत्याही संचात बसतो. म्हणून ५ नक्की 'हो'. आणि त्याच न्यायाने 'नाही'च्या संचातही बसतं, म्हणून नक्की 'नाही'सुद्धा. वरच्या अंदाजात मात्र ते दोन्हीकडे नाही, कारण रिकाम्या शेजारात सापडणार कोण? नाना म्हणाले, "म्हणजे आमच्या कार्यकारिणीसारखं. दोन्ही ठरावांना एकमताने मंजुरी आणि कामाला कोणीच नाही." प्रत्येकाला निदान एक तरी शेजारी हवा, एवढी अट पाळली की खालचा अंदाज वरच्याच्या आत राहतो. सममितीचं आणि संक्रमणाचंही असंच आहे, त्यांचे त्यांचे ठरलेले नियम त्यांच्यासोबत येतात. मोडल लॉजिक वाचलेल्यांना ती यादी ओळखीची वाटेल, कारण 'नक्की' आणि 'कदाचित' यांचं गणित तिथेही हेच आहे. नानांचा संबंध आम्ही शेवटी वाटणीला नाही, वाळवण्याचा क्रम ठरवायला वापरला. त्यासाठी तो उत्तम होता.

शुक्रवारी काका यायच्या आधी मी २ नंबरचा खंड पुढ्यात घेतला. उजव्या शेजाराने तो शंकेत टाकला होता, डाव्याने खात्रीत. पण या सगळ्यात कोणी तो उघडला नव्हता. प्रश्नचिन्हं तीन असली तरी ती एका जातीची नव्हती, हे तेव्हा डोक्यात आलं. ६ आणि ७ची उत्तरं कोणीतरी पाहून लिहिली होती, ती फक्त पुसली गेली. खरं उत्तर आहे, आपल्याजवळ नाही एवढंच. ते काहीही असू शकतं, म्हणून दोन्ही शक्यता धरणारा सहनशील संबंध तिथे रास्त. २चं उत्तर कधी पाहिलंच गेलं नव्हतं. पण पुस्तकाला बुरशी असते किंवा नसते, तिसरं काही नसतं. म्हणजे तिथेही दोन्ही शक्यता धरायला हव्या होत्या. बाणांचा एकतर्फी संबंध, जिथे उत्तर मुळातच अस्तित्वात नाही, तिथे शोभतो. मी तो ३ची दया आली म्हणून आणला होता.

नानांकडे बांबूची पातळ पट्टी होती, कागद कापायची. ती वाफेवर किंचित गरम करून त्यांनी चिकटलेल्या पानांच्या कडेला घातली. घाई नाही, जोर नाही. दीडेक बोट आत गेली की थांबायचं, पट्टी पुसायची, पुन्हा. सातआठ मिनिटांनी पाठीजवळचा एक जुडगा सुटला. आत हिरवट-करडे ठिपके होते, मधल्या शिवणीच्या दोन्ही बाजूंना, आणि एका पानावर तर जाहिरातीतल्या बाईच्या चेहऱ्यावरच. पुठ्ठ्याच्या आतल्या खिशातून एक डांबराची गोळी घरंगळली.

"ही मीच घातली होती," नाना म्हणाले. "पाणी ओसरल्यावर. किडे लागू नयेत म्हणून."

मी तक्त्यात प्रश्नचिन्ह खोडून 'आहे' लिहिलं. आता २ आणि ३ यांची तिन्ही उत्तरं एकच, निकाल मात्र एकाला 'हो' आणि दुसऱ्याला 'नाही'. पुन्हा हिशेब केला. खालच्या अंदाजात १, ४, ७, ८. वरच्यात १, २, ३, ४, ७, ८. सीमाभागात २ आणि ३. सहनशील संबंधाने पहिल्याच फेरीत हेच सांगितलं होतं, आकड्यासकट. ३वर अन्याय होतोय असं मला ज्याबद्दल वाटलं होतं, ती शंका अगदी खरी निघाली. फक्त ती ३बद्दल नव्हती, काकांच्या निकालाबद्दल होती.

काका आले. मी काही न सांगता २ आणि ३ शेजारीशेजारी त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी २ उचलून नाकाशी नेलं आणि मान हलवली, चालेल अशी. मग मी ते पाठीजवळ उघडून दिलं. त्यांनी पुन्हा वास घेतला, या वेळी आतून, आणि खंड लांब धरला. "आ तो डामरनी वास हती," म्हणाले. मला कळायला क्षणभर लागला. बुरशीचा वास डांबराच्या गोळीखाली दबला होता. हे गृहस्थ कागद बघत नव्हते, ओल बघत नव्हते. आमच्या तीन स्तंभांपैकी दोन त्यांच्या हिशेबात नव्हतेच. मी वहीकडे पाहिलं: १, ४, ७, ८, बुरशी नाही, हो. ३, ५, ६, बुरशी आहे, नाही. सगळी वाटणी एका स्तंभात बसत होती. रफ सेटवाले ज्याला अनावश्यक गुणधर्म गाळणं म्हणतात, ते करायला मला पहिल्या दिवशी पाच मिनिटं लागली असती. पण २चं 'हो' आणि प्रश्नचिन्ह मध्ये उभं होतं.

काकांनी २ उचलून ३च्या ढिगावर ठेवलं, हात पँटला पुसले आणि पुढचं खोकं मागितलं. नानांनी खोकं उघडायच्या आधी त्यातल्या डांबराच्या गोळ्या वेचायला घेतल्या.